मापवहीतलं टिंब

आमच्या जाऊबाईंचं शिक्षण सातवीपर्यंत, आणि त्यांच्या अक्षरावर हॉस्पिटलच्या मोठ्या हॉलमध्ये डॉक्टरांनी भाषण केलं. दोनशे माणसं ऐकायला होती. भिंतीवर पडदा लावलेला, पडद्यावर जाऊबाईंच्या मापवहीचं पान, एवढं मोठं केलेलं की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही चष्म्याशिवाय वाचता यावं. मी पहिल्या रांगेत बसले होते. ऊर अभिमानानं भरून आला होता हे खरं, आणि त्या पडद्याकडे बघवत नव्हतं हेही तितकंच खरं. का बघवत नव्हतं ते सांगायचं तर माझी बाजू काही फार बरी दिसणार नाही. पण जाऊबाईंची गोष्ट सांगायची आणि स्वतःला सोवळं ठेवायचं, हे जमणारं नाही.

आम्ही दोघी एकाच घरात सुना, त्या थोरल्या आणि मी धाकटी. कामालाही एकाच कारखान्यात. कारखाना गणवेशांचा. पहिल्या मजल्यावर लांबट खोली, एका भिंतीला अकरा मशिनं, दुसरीला कापडाच्या ठाणांची मांडणी, आणि मधोमध कटिंगचं टेबल. नर्स, बस-ड्रायव्हर, वॉचमन, प्रयोगशाळेतली माणसं, सगळ्यांचे कपडे आमच्याकडे शिवले जायचे. माप जाऊबाई घ्यायच्या, वहीत त्याच लिहायच्या, खडूनं आखून कापडही त्याच बेतायच्या. शिवणाऱ्या आम्ही अकरा जणी, बेतणारी एकच. मशिनवरच्या बाईच्या चुका उसवता येतात. टेबलावरच्या बाईची चूक उसवता येत नाही, म्हणून तिथे मान मोठा.

तो मान मला हवा होता. माझा हात त्यांच्याइतकाच चालतो, पण मी डावरी. मालक म्हणायचे, डाव्या हाताला आमच्याकडची कात्री बसत नाही. आणि ज्यांना ती बसत होती, त्या बाई दुपारी तीन वाजता ठाणांच्या मागे पोत्यावर आडव्या होऊन झोपायच्या. रोज. वीस मिनिटं. मालकांना ते ठाऊक होतं, पण जाऊबाईंचं कापड कधी वाया जात नसे, म्हणून ते त्या बाजूला बघत नसत. माझ्या मात्र डोक्यात तिडीक जायची.

नुसती दुपारचीच झोप असती तर एकवेळ चाललं असतं. पण जाऊबाई जेवताना घास हातात धरून पेंगायच्या. बसमध्ये डोळा लागून तीन-तीन स्टॉप पुढे जायच्या आणि उन्हातान्हात चालत परत यायच्या. घरात पाहुणे बोलत असले की यांची मान खाली. सासूबाई म्हणायच्या, आळसाला औषध नाही. मोठे दीर बिचारे मूग गिळून बसायचे. कुंभकर्ण हे नाव मी ठेवलेलं नाही, पण ते घरात रुजलं त्यात माझा हातभार मोठा.

आणि हसण्याचं तर वेगळंच. जाऊबाई मनापासून हसल्या की त्यांचे गुडघे जायचे. हातातलं पडायचं, जबडा सैल व्हायचा, आणि भिंतीला टेकून त्या हळूहळू खाली बसायच्या. मिनिटभरानं पुन्हा ठीक. घरात सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की थोरलीसमोर विनोद करायचा नाही. आता मी जन्मजात बडबडी, चार माणसं हसली नाहीत तर मला जेवण जात नाही. माझ्या तोंडाला कुलूप लागलं. एकदा डब्याच्या सुट्टीत मी मुद्दाम मालकांची नक्कल केली. जाऊबाई हसल्या आणि मशिनपाशी कोसळल्या. मी सगळ्यांना म्हटलं, बघा, नाटक कसं करतात ते, अंगावर एक ओरखडा नाही. दहाही जणी हसल्या. कुणी त्यांना उठवायला गेलं नाही.

त्या मापवहीबद्दल सांगायला हवं. मी कारखान्यात नवी होते तेव्हा जाऊबाईंनी मला शेजारी बसवून ती दाखवली होती. काही ओळी सरळ, मोत्यासारख्या. मध्येच एखादी ओळ उतारावरून घसरत निघालेली, आकडे वेडेवाकडे, एखादा भलताच शब्द. त्या ओळीच्या आधी समासात एक छोटंसं टिंब. त्या म्हणाल्या होत्या की लिहिता लिहिता कधी कधी आपण कुठेतरी जातो आणि हात मात्र लिहीत राहतो. परत आलं की आधी टिंब द्यायचं. टिंब असेल त्या माणसाला पुन्हा बोलवायचं, पुन्हा मोजायचं, खरं माप लाल पेन्सिलनं शेजारी लिहायचं, आणि मगच कात्री. बाकीच्या बायकांना ते टिंब म्हणजे पेन्सिलचा डाग वाटायचं. मला त्याचा अर्थ ठाऊक होता. हे लक्षात ठेवा, कारण मी ते विसरल्याचं सोंग केलं.

हॉस्पिटलच्या पांढऱ्या कोटांचं काम आलं होतं. माप घेताना जाऊबाई पेंगल्या आणि पाच माणसांच्या पाच ओळींत त्यांनी एकच लिहिलं, बाही सतरा, बाही सतरा, बाही सतरा. शेवटच्या ओळीत तर 'सतरा जिने'. पाचही ओळींना टिंब दिलं, दुसऱ्या दिवशी त्या माणसांना बोलवायचं ठरवलं, कापड टेबलावर पसरून ठेवलं आणि तीन वाजता ठाणांच्या मागे गेल्या. मी उठले. खोलीत मशिनांचा आवाज, प्रत्येकीची मान खाली. मी वही उघडली, टिंबं पाहिली, आणि पाचही कोटांच्या बाह्या सतरा इंचांवर कापल्या. वीस मिनिटंही लागली नाहीत. लांब कापलेलं आखूड करता येतं, पण आखूड कापलेलं लांब होत नाही, हे शिवणकाम शिकायला आलेल्या पोरीलाही कळतं. मला तेच हवं होतं.

जाऊबाई उठून आल्या, टेबलाकडे बघत उभ्या राहिल्या. कापाची कड बोटानं चाचपली. मग कुणीतरी म्हणालं, अगंबाई, झोपेत कात्री चालवली हिनं. हा हा म्हणता ते खोलीभर झालं. जाऊबाई कापलेल्या बाह्यांची चळत लावत राहिल्या. मालकांनी त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि त्यांना बटणं निवडायला बसवलं.

माझ्याकडे टेबल आलं का? नाही आलं. मालकांनी बाहेरून एक कटर आणला. मी पाप केलं ते फुकट गेलं, आणि घरी रोज जाऊबाईंनी वाढलेलं जेवायची वेळ मात्र आली.

कोटांचं काय झालं हे विचारायला हॉस्पिटलच्या मेट्रनबाई तावातावानं आल्या. चूक कुणाची ते बघायला त्यांनी मापवही ओढून घेतली, आणि ते पान बघता बघता त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी विचारलं, हे लिहिणाऱ्या बाई कुठे आहेत. बटणांच्या डब्यांमधून जाऊबाई उठल्या. मेट्रनबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, हसल्यावर काय होतं ते विचारलं, दिवसा स्वप्नं पडतात का ते विचारलं. त्यांच्याकडे झोपेचे आजार बघणाऱ्या एक डॉक्टर होत्या. त्या डॉक्टरांच्या वॉर्डात मेट्रनबाईंनी पाच वर्षं काढली होती आणि असं घसरतं अक्षर त्यांनी पाहिलं होतं. कोटांचा विषय त्या विसरूनच गेल्या.

तपासणीला सोबत म्हणून मी गेले. मोठ्या दिरांना रजा नव्हती, हे निमित्त झालं. खरं म्हणजे खाई त्याला खवखवे. डॉक्टर वयानं लहान, केस आखूड, बोलणं झटपट. त्यांनी सांगितलं की रात्रीची झोप यंत्रावर बघून झाली, आता दिवसभरात पाच वेळा, दर दोन तासांनी, अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायचं. बस्स, एवढीच परीक्षा. जाऊबाईंच्या डोक्याला तारा चिकटवलेल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "अगं, आज नेमकी झोप नाही आली तर?" चाळीस वर्षं ज्या गोष्टीवरून बोलणी खाल्ली, ती आज आली नाही तर आपण खोट्या ठरू, याची त्यांना भीती. मला हसूही आलं आणि तो हात सोडवेनाही.

आली. पाचही वेळा आली. एकदा तर दिवा मालवून दार लावेपर्यंत स्वप्नसुद्धा सुरू झालं होतं. जन्मात कधी परीक्षेत वर न आलेली बाई त्या दिवशी पैकीच्या पैकी मिळवून बाहेर आली. मी घरी फोन करून सासूबाईंना तसंच सांगितलं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, नार्कोलेप्सी. मेंदूत माणसाला जागं ठेवणारं एक द्रव्य असतं, ते बनवणाऱ्या पेशीच यांच्यात उरलेल्या नाहीत. आळस नाही, वेड नाही, नाटक तर नाहीच. मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही, पण गोळ्या आहेत, आणि ठरल्या वेळची छोटी झोप हेही औषधच आहे. दुपारी तीनची झोप ऐकून डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही स्वतःवर बरोबर उपचार करत होतात. मग हसण्याबद्दल सांगितलं. अंग गळून जातं, पण माणूस शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मशिनपाशी पडलेल्या असताना मी जे जे बोलले होते, ते त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं होतं. त्या क्षणी मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

घरात बदल झाला. सासूबाईंनी दुपारच्या झोपेसाठी स्वतःची खोली दिली आणि वर दारात बसून राखणही करायला लागल्या. कारखान्यात मात्र काही हललं नाही. मालक माणूस वाईट नाही. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाले, आजार खरा आहे हे पटलं, पण झोपेत कात्री चालवणाऱ्या बाईला मी पुन्हा टेबलावर उभं करू कसं? उद्या बोटं कापली तर? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. फरक एवढाच की खरं काय ते मला माहीत होतं. आठ महिने जाऊबाईंनी बटणं निवडली, चार भोकांची वेगळी, दोन भोकांची वेगळी. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, म्हणतात ना, ते माझ्याबद्दलच म्हणत असावेत.

त्याच आठ महिन्यांत डॉक्टरांनी मालकांकडून मापवह्या मागून नेल्या. एकोणीस वर्षांच्या एकोणीस वह्या. प्रत्येक ओळीला तारीख आणि माप घेतल्याची वेळ. डॉक्टरांना तर घबाडच सापडलं. दिवसाच्या कुठल्या वेळी हात घसरतो, कुठल्या ऋतूत जास्त, दुपारच्या झोपेनंतर किती कमी, हे कुणी यंत्र लावून इतकी वर्षं मोजलेलं नाही, असं त्या म्हणत. जाऊबाई दर आठवड्याला त्यांच्याकडे जायच्या, टिंब म्हणजे काय ते समजावून सांगायच्या. डॉक्टर लिहून घ्यायच्या. आमच्या घरातली सातवी शिकलेली बाई डॉक्टरांना शिकवते आहे, हे मी अख्ख्या गल्लीत सांगत फिरले.

आणि मग तो हॉल. लोकांना हा आजार कळावा, संशोधनात माणसांनी नावं नोंदवावीत, ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात त्यांनी हात पुढे करावा, यासाठी सभा. आमचे मालक तिसऱ्या रांगेत. माझ्या शेजारी एक तरुण वायरमन बसला होता, त्यालाही हाच आजार. शिडीवर चढू देत नाहीत म्हणून घरी बसलेला. पलीकडे एक आई शाळकरी मुलीला घेऊन. मुलगी आईच्या खांद्यावर झोपली होती, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणी तिला ढोसून उठवत नव्हतं.

डॉक्टरांनी पडद्यावर ओळी दाखवल्या. एकोणीस वर्षांत सहाशे बारा टिंबं, आणि प्रत्येक टिंबाशेजारी लाल पेन्सिलनं पुन्हा घेतलेलं माप. एकही कापड चुकीचं कापलेलं नाही. टाळ्या पडल्या. जाऊबाई व्यासपीठावर खुर्चीत बसल्या होत्या, पदराशी चाळा करत. मग पडद्यावर ते पान आलं. बाही सतरा, बाही सतरा.

डॉक्टर म्हणाल्या, "याला अपवाद फक्त या पाच ओळी. टिंब आहे, लाल आकडा नाही, तरी कापड कापलं गेलं. हे झोपेतच घडलं असावं, असं सध्या आम्ही धरून चाललो आहोत. तसं असेल तर अशा माणसांच्या हाती हत्यार द्यावं का, याचा विचार करावा लागेल."

जाऊबाई खाली बघत राहिल्या. तिसऱ्या रांगेत मालकांनी मान हलवली. माझ्या शेजारच्या वायरमनचे खांदे पडले, ते मला दिसले. तोवर मी समजत होते की माझं पाप आमच्या घरापुरतं, एका टेबलापुरतं आहे. आता ते संशोधनात जाऊन बसणार होतं. ज्यांना मी कधी पाहिलंही नाही, त्यांच्या हातातली हत्यारं ते काढून घेणार होतं. माझी पाचावर धारण बसली होती, तरी पाय आपोआप उभे राहिले.

"त्या पाच बाह्या मी कापल्या," मी म्हटलं. "जागेपणी. टिंब बघून."

डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही कोण?

"मी यांची धाकटी जाऊ. मला झोपेचा काही आजार नाही. माझा आजार वेगळा, तो बहुतेक जावांना असतो."

हे मी विनोद म्हणून बोलले नव्हते, तोंडातून गेलं. पण हॉल हसला, आणि जाऊबाईही हसल्या. अगदी मनापासून. लगेच त्यांची मान कलली, हात सुटले, आणि त्या खुर्चीतून घसरायला लागल्या. लोक उठले, कुणी पाणी मागितलं. मी धावत वर गेले, त्यांची मान माझ्या दंडावर घेतली आणि समोरचा माईक ओढला. मी सांगितलं की घाबरू नका, पाणी मारू नका, या शुद्धीवर आहेत, यांना सगळं ऐकू येतंय, तेव्हा जे बोलाल ते चांगलं बोला. आणि कुणीच बोलेना म्हणून मीच बोलले. एकोणीस वर्षांत या बाईनं झोपेत काय आणि जागेपणी काय, वीतभर कापड वाया घालवलेलं नाही, ते मी घालवलं. यांच्यासारखी बेतणारी मी पाहिलेली नाही, आणि यांच्यासारखी जाऊ तर नाहीच.

मिनिटभरानं त्यांच्या मानेत बळ आलं. त्या सावरून बसल्या. माईक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं कापलेली कड उलटी कलते. बोट फिरवलं की कळतं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"आधी वाटलं, कोण विश्वास ठेवणार? मग वाटलं, तू बोलशील. उशीर केलास, पण बोललीस."

सभा संपल्यावर नाव नोंदवायच्या टेबलापाशी रांग लागली. वायरमन सगळ्यात पुढे. त्या मुलीच्या आईनं शाळेची वही काढून जाऊबाईंना दाखवली. जाऊबाईंनी घसरलेल्या ओळीवर बोट ठेवून मुलीला टिंब कसं द्यायचं ते शिकवलं. डॉक्टर मागे उभ्या राहून बघत होत्या. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, या बाई आमच्या शिक्षकांपुढे बोलतील का? मी म्हटलं, बोलतील, फक्त तीनच्या आधीची वेळ ठेवा.

मग मालक आले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, आणि ते बरोबरच होतं. ते जाऊबाईंना म्हणाले, "टेबल उद्यापासून तुमचं. एक अट आहे. टिंब असलेली ओळ दुसऱ्या कुणीतरी मोजायची. कोण हवं ते तुम्ही सांगा."

जाऊबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हिला? हिनंच तर..."

"म्हणूनच," जाऊबाई म्हणाल्या. "बाकीच्यांना ते टिंब नुसतं दिसेल. हिच्याच्यानं ते आता ओलांडवणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहिलं टिंब साडेअकराला पडलं. माणूस बस-ड्रायव्हर होता, जिना उतरून गेलाही होता. मी खाली पळत जाऊन त्याला परत आणलं. तो कुरकुरत हात लांब करून उभा राहिला, आणि मी त्याची बाही दोनदा मोजली.